पाइये प्रयोग: वजाबाकी बसली

बेरीज मागच्या महिन्यात जमली होती. वजाबाकीने मात्र तीन रविवार खाल्ले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर जत्रेला दरवर्षी नाटक होतं. वर्गणी ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे. कुणी किती दिले हे चारचौघांत कळू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून प्रत्येकाचा आकडा कुलूपबंद करून घ्यायचा आणि उघडायची फक्त शेवटची शिल्लक. गूढलेखनाचे संशोधक पास्काल पाइये यांच्या १९९९ सालच्या पद्धतीत कुलूपबंद आकड्यांचा गुणाकार केला की आतल्या आकड्यांची बेरीज होते. वजा करायचं असेल तर त्या कुलूपबंद आकड्याचा मॉड्युलर व्यस्त (म्हणजे ज्याने त्याला गुणलं की ठरलेल्या भाजकाने भागून बाकी १ उरते अशी संख्या) घेऊन गुणायचं.

चाचणीत मुद्दाम वर्गणीपेक्षा खर्च जास्त धरला. उलगडल्यावर उत्तर आलं ६१७ अंकी! व्यस्तच चुकला असेल म्हणून दोन रविवार तिथेच शोधत बसलो. शेवटी प्रोग्राम बाजूला ठेवला, ५ आणि ७ या मूळ संख्या घेतल्या आणि वहीत हाताने गणित मांडलं. गुणाकार ३५, म्हणून सगळा हिशेब त्याच्या वर्गाने, म्हणजे १२२५ ने भागून उरणाऱ्या बाकीत.

प्रत्येक कुलपात एक यादृच्छिक, म्हणजे कुठलीही सहज उचललेली, संख्याही मिसळावी लागते. ८ ला यादृच्छिक २ लावून कुलूप घातलं: १५८. ३ ला यादृच्छिक ३ लावून: ६४२. दोन्ही गुणले, बाकी ९८६. उलगडलं तर ११. छान. आता ३ वजा ८. १५८ चा व्यस्त ५९७, त्याने ६४२ ला गुणलं, बाकी १०७४. उलगडलं तर ३०.

उणे ५ हवे होते, आले ३०. आणि ३० म्हणजे ३५ उणे ५! व्यस्त पहिल्यापासून बरोबरच होता. आतले आकडे ३५ च्या घड्याळात फिरतात आणि उणे आकडे त्याच्या वरच्या टोकाला जाऊन बसतात, एवढंच. उत्तर निम्म्याच्या वर गेलं तर त्यातून ३५ वजा करायचे, ही एक ओळ माझ्या प्रोग्राममध्ये नव्हती. ती घातली आणि २०४८ बिटांच्या चावीवरही तूट अचूक आली.

दुसरी चूक जास्त गंभीर. तपासणी सोपी जावी म्हणून यादृच्छिक संख्या कायम एकच ठेवली होती. त्यामुळे ५०१ देणाऱ्या दोघांचे कुलूपबंद आकडे हुबेहूब सारखे आले, म्हणजे चावी नसतानाही बरोबरी उघडी पडली. आता प्रत्येक वेळी नवी संख्या काढतो.

दिव्यांचं भाडं तीन रात्रींचं असतं. कुलूपबंद भाड्याचा तिसरा घात घेतला की आत तिप्पट होते, तेही चाललं. कुलपांच्या आतल्या दोन आकड्यांचा आपसांत गुणाकार मात्र इथे होत नाही. त्यासाठी संगणकशास्त्रज्ञ क्रेग जेंट्री यांनी २००९ मध्ये दाखवलेल्या वाटेने जावं लागेल, पण नाटकाच्या हिशेबाला त्याची गरज नाही.

सध्या चावी खजिनदार काकांकडे आहे आणि गुणाकार माझ्या लॅपटॉपवर होतो. एकेकाचा आकडा त्यांच्या हाती गेला तर उघडता येईल, म्हणून त्यांना फक्त शेवटचा गुणाकार पाठवतो. चावी दोघांत विभागून ठेवायचं काम या रविवारी हाती घेतोय.