छपराचं लाकूड ठरवताना

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराचं छप्पर उतरवायचं ठरलं, तेव्हा स्लॅबचा विषय घरात निघालाच नाही. आईला मंगळुरी कौलंच हवी होती, मलाही. प्रश्न लाकडाचा होता.

भाचा आर्किटेक्ट. त्याचं म्हणणं, निदान पुढच्या बाल्कावावर, म्हणजे दारापुढच्या छपरी ओट्यावर, कौलांऐवजी रेड सीडरच्या लाकडी चिपा बसवूया. त्यात दोन प्रकार: करवतीने कापलेल्या गुळगुळीत त्या शिंगल, फाडून काढलेल्या खडबडीत त्या शेक. त्याने आणलेला नमुना खरंच देखणा होता. हलका, तांबूस, सुवासिक. सीडर मुळात सहजी कुजत नाही. पण भिजल्यावर ते वाळायलाही हवं, खालून वारा खेळायला हवा. आमच्याकडे जूनमध्ये धरलेला पाऊस सप्टेंबरपर्यंत उसंत देत नाही, त्यात बाल्कावावर आंब्याची सावली. शेवाळ धरणारच. खिळेही स्टेनलेस स्टीलचे लागतात, साध्या लोखंडाने ते लाकूड काळं पडतं. आणि भर ऑगस्टात एखादी चीप उडाली तर आणायची कुठून? कौल फुटलं तर शेजाऱ्याच्या गोठ्यामागच्या ढिगातून मिळतं. भाच्याला हे पटलं.

मग वाशांचं लाकूड. सगळीकडे सागच घालायचा असं मी धरून चाललो होतो. आमचे सुतार मेस्तकाका. त्यांनी उतरवलेला एक वासा अंगणात आडवा टाकला आणि पटाशी मारली. मधोमध ती टणकन उडाली. भिंतीत बसलेल्या टोकाला मात्र मुठीपर्यंत आत गेली, आतून नुसता भुसा.

"भाऊ, लाकूड एकच आहे. कुजलं ते जागेमुळे," काका म्हणाले. "साग आढ्याला घाला, पागोळ्यांकडच्या वाशांना घाला. आतल्या वाशांना किंदळाचं लाकूड पुरतं."

त्यानंतर मी लाकूड बघायला गेलो तो जागांची यादी घेऊनच. कोवळ्या सागाला बाहेरून पांढऱ्या लाकडाचा जाड पट्टा असतो, किडा तिथूनच शिरतो. असे नग सागाच्या भावाने विकायला ठेवलेले पाहिले आणि ते सोडून दिले. जुन्या माडाचं लाकूड बाहेरून कठीण पण गाभ्यात मऊ, म्हणून ते फक्त न्हाणीघराच्या छपराला घेतलं. परसातला फणस तोडावा असं आईच्या मनात होतं, पण 1984च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि ओलं लाकूड वाळवायला वेळही नव्हता. खरं सांगायचं तर तो फणस वाचला याचा मला आनंदच आहे.

किंदळ घेताना ओलावा मोजायच्या यंत्राने नग तपासून घेतले. ते लाकूड जड, खिळ्याआधी भोक पाडावं लागतं, त्यामुळे मजुरी चढली. ज्यांचं बजेट आखडतं आहे त्यांनी हा खर्च आधीच धरावा. भिंतीत जाणाऱ्या प्रत्येक टोकाला काजूच्या टरफलाचं तेल चोपडलं आणि टोक थेट मातीत न बसवता दगडावर टेकवलं, भोवती बोटभर फट ठेवून.

रिपा, म्हणजे कौलं टेकतात त्या वाशांवरच्या आडव्या पट्ट्या, मात्र कौलं अंगणात येऊन पडल्यावरच ठोकल्या. दोन कारखान्यांच्या कौलांची लांबी सारखी नसते, आणि रिपांचं अंतर चुकलं की कौलाची खाच नीट बसत नाही.