आईला चालतं का?

इंदूरच्या रामबागेत कुणाच्या मुंजीला गेलो की जेवणाच्या पंगतीत शेजारचे काका आवाज खाली आणून विचारतातच, "बिअर गाळता म्हणे तुम्ही दोघं भाऊ. आईला चालतं का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सविस्तर सांगतो.

आईने आजवर थेंब चाखलेला नाही. विजयनगरात आमच्या बिअरच्या टाक्या बसल्यावर ती पहिल्यांदा बघायला आली, पोत्यातले माल्टचे चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाली, "अरे, हे तर सत्त्वच." बरोबर होतं तिचं. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून तान्ह्या पोराला देतात ना, तेच जवाचं. मोड येताना दाण्यात विकरं (एन्झाइम) तयार होतात आणि ती पिठाची साखर करतात. आम्ही भरडलेलं माल्ट ६६ अंशांच्या आसपास तासभर गरम पाण्यात ठेवतो, ते या विकरांना काम करू द्यायला. पाणी फार तापलं की ती निकामी होतात. मग गाळायचं. उरतो त्याला आम्ही कामगारांसकट सगळे चोथाच म्हणतो. हा शब्द आईच्या कुरडयांमधून आला. सकाळी गवळी येऊन तो म्हशींना घेऊन जातो. कुरडयांसाठी तीन-तीन दिवस गहू भिजवलेल्या बाईला आंबण्याचा वास मी काय शिकवणार!

तिने आम्हाला शिकवलं ते सोवळं. गाळलेलं पाणी हॉप्सची कडू फुलं घालून तासभर उकळतं, तोवर हात कसेही लागले तरी फिकीर नाही. पण ते वीस अंशांवर आणलं की यीस्ट रुजेपर्यंतचे काही तास वाईट. भलता जंतू आधी शिरला तर सगळं त्याचंच. "उकळीपर्यंत ओवळं, मग सोवळं," असं आईने सांगितलं आणि आमच्या कामगार पोरांना ते छापील सूचनांपेक्षा चटकन कळलं.

मला मात्र उशिरा कळलं. दुसऱ्या वर्षी एका झडपेचं रबर काढून धुवायचा मी कंटाळा केला आणि पाचशे लिटर गव्हाची बिअर ताकासारखी आंबट झाली. धाकटा म्हणाला, फळाचा रस घालू, हल्ली आंबट बिअरही लोक मागतात. आईने एवढंच विचारलं, "नासलेल्या दुधाची बासुंदी म्हणून वाढशील?" ओतून दिली सगळी. त्या महिन्याचा पगार आम्ही दोघांनी घेतला नाही.

संध्याकाळी समोरच्या खोलीत नळावरून ग्लास भरतो. इंदूर आहे, तेव्हा बरोबर शेव आणि जिरावण मसाला मागतातच. (उज्जैनच्या मावशीला हे सगळं पटत नाही. तिथे १ एप्रिल २०२५ पासून दारूबंदी झाली, तेव्हा तिने पेढे पाठवले.)

तर, आईला चालतं का? बिअर चालते. चालत नाही ते पाणी.

नर्मदा इंदूरच्या नळाला १९७८ साली आली. नदीकाठच्या जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून, घाट चढवून. आजीने त्या नळाला हळदकुंकू वाहिलं होतं. आम्ही तेच पाणी कोळशातून गाळून त्यातलं क्लोरीन काढतो, नाहीतर बिअरला दवाखान्याचा वास येतो. "मैयाचं पाणी, आणि त्याची बिअर," एवढं म्हणून आई गप्प बसते. मी एकदा बोअरचं पाणी वापरून बघितलं; माळव्यातलं ते जड पाणी आमच्या गव्हाच्या बिअरला मानवलं नाही.

शेवटी तोड निघाली. माघ शुद्ध सप्तमीला, नर्मदा जयंतीला, आम्ही नवा घाणा लावत नाही. लगीनसराईत एक दिवस जातो म्हणून धाकटा दरवर्षी कुरकुरतो. आधीच्या टाक्या आपल्या बुडबुडत असतात, यीस्टला कुठली सुट्टी! आई येते, पाण्याच्या टाकीला हळदकुंकू लावते, ओटी भरते आणि बिअरच्या टाक्यांकडे न बघता रिक्षात बसते.