टेबलाच्या अलीकडे, पलीकडे

कन्व्हेन्शनचं वेळापत्रक हातात पडलं की मला आनंदाच्या आधी हळहळ वाटते. शनिवारी अकरा वाजता पाच खोल्यांत पाच कार्यक्रम, आणि त्यातले तीन तर माझ्यावर नजर ठेवूनच आखलेले. एकीकडे जुन्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर गप्पा, दुसरीकडे परग्रहावरची भाषा कशी रचावी याची कार्यशाळा, तिसरीकडे जिच्या कथा मी कॉलेजपासून वाचत आलेय ती लेखिका स्वतः वाचून दाखवणार. मी पेन्सिल घेऊन गोल करते, खोडते, पुन्हा करते. पहिली वीस मिनिटं इथे, मग मागच्या दाराने तिथे, असले बेत रचते. ते पार पडत नाहीत, कारण दोन खोल्यांच्या मधे कॉरिडॉर असतो आणि कॉरिडॉरमध्ये माणसं असतात.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: विज्ञानकथा, कॉमिक्स, ॲनिमे, एखादी टीव्ही मालिका, पटावरचे खेळ, अशा कशाचं तरी वेड असलेली माणसं शनिवार-रविवार धरून एका हॉटेलात किंवा सभागृहात जमतात. शुक्रवारी संध्याकाळी सुरुवात, रविवारी दुपारी सांगता. वातावरण अगदी लग्नघराचं. कोण कुठे झोपलंय पत्ता नाही, कुणाची तरी पिशवी हरवलेली, दोन म्हातारे कोपऱ्यात बसून ‘आमच्या वेळी’ सुरू करणारे, आणि सगळी सूत्रं हातात असलेली एक बाई जी कुणालाच सापडत नाही. फक्त वधूवर नसतात.

नवख्यांना पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला जातो, पाच-दोन-एक. दिवसाला किमान पाच तास झोप, दोन वेळा जेवण, एक आंघोळ. ऐकताना हसू येतं. रविवारी सकाळी लिफ्टमध्ये शिरल्यावर कळतं की नियम विनोद म्हणून केलेला नाही, आणि तिसऱ्या कलमाचं पालन सर्वांत कमी होतं.

माझा मुक्काम जास्त करून हौशी मंडळींनी भरवलेल्या कन्व्हेन्शन्समध्ये असतो. दुसरा प्रकार म्हणजे मोठ्या कंपन्यांनी भरवलेले सोहळे. तिथे नट-नट्या येतात, सहीला पैसे, सोबत फोटो काढायला वेगळे पैसे, आणि रांगा मैलभर. त्याला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मी मुरडत नाही. आवडत्या नटाला अर्धा मिनिट का होईना समोर बघणं ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण तिथे मी प्रेक्षक असते. हौशी कन्व्हेन्शनमध्ये मी नक्की कोण असते ते दर तासाला बदलतं. अकरा वाजता टेबलामागे बसून बोलणारी मी बारा वाजता तिसऱ्या रांगेत वही उघडून बसलेली असते, आणि माझ्यासमोर हात वर करून बसलेला मुलगा आता टेबलामागे असतो. दर वर्षी भरणाऱ्या ‘वर्ल्डकॉन’मध्ये, म्हणजे विज्ञानकथावेड्यांच्या जागतिक कन्व्हेन्शनमध्ये, तर तिकीट ही गोष्टच नाही, सभासदत्व असतं, आणि ते बोलणाऱ्यांनी आणि राबणाऱ्यांनीही विकत घ्यायचं असा रिवाज आहे. म्हणजे पैसे भरून भाषण द्यायचं! बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आपल्याकडे जरा काळजीनेच बघतो. हौशी मंडळींनी स्वतः छापलेली कॉमिक्स जिथे विकली जातात त्या टोकियोच्या ‘कॉमिकेट’ने हीच गोष्ट तत्त्व म्हणून मांडली. विकणारे, घेणारे, खुर्च्या उचलणारे, सगळे सहभागी. ग्राहक कुणीच नाही. डिसेंबर १९७५ मध्ये ते पहिल्यांदा भरलं तेव्हा ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं होती. आज तिथे लाखांनी गर्दी होते, तरी तत्त्व तेच.

पहिलं कन्व्हेन्शन कोणतं यावर भांडण आहे. असणारच, भांडणारे फॅन आहेत. ऑक्टोबर १९३६ मध्ये न्यूयॉर्कची मूठभर विज्ञानकथावेडी पोरं फिलाडेल्फियाला जाऊन तिथल्या आपल्यासारख्यांना भेटली आणि या भेटीला त्यांनी बिनदिक्कत कन्व्हेन्शन म्हणून टाकलं. इंग्लंडमधल्या लीड्स गावात ३ जानेवारी १९३७ ला जी बैठक झाली ती आधी रीतसर जाहीर केलेली, सभागृह घेऊन केलेली. तिथल्या मोजक्या हजेरीत पुढे विज्ञानकथाकार म्हणून गाजलेला, तेव्हा एकोणीस वर्षांचा आर्थर सी. क्लार्क होता. लीड्सच्या बाजूचे म्हणतात, तुमची ती सहल. फिलाडेल्फियाच्या बाजूचे म्हणतात, तारीख बघा. मला हा वाद मिटायला नको आहे. रात्री उशिरा जागं राहायला इतका निरुपद्रवी विषय दुसरा नाही.

१९३९ ची गोष्ट मात्र निरुपद्रवी नाही. २ ते ४ जुलै, न्यूयॉर्क, जागतिक प्रदर्शनाचा मुहूर्त साधून भरलेलं पहिलं वर्ल्डकॉन. दोनशेच्या आसपास माणसं. फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं फॅन भविष्यकाळातले कपडे घालून आले होते. ते कपडे मर्टलनेच बेतलेले. आज वेशभूषा करून येणाऱ्या सगळ्यांची ती पूर्वज म्हणायला हरकत नाही, पण बरीच वर्षं नाव मात्र ॲकरमनचंच पुढे राहिलं. आणि त्याच दिवशी दारात सहा जणांना अडवलं गेलं. आयोजकांना भीती, की हे आत येऊन राजकीय पत्रकं वाटतील आणि गोंधळ घालतील. त्या सहांत फ्रेडरिक पोल होता, सिरिल कॉर्नब्लुथ होता, डोनाल्ड वॉलहाइम होता. पुढे या क्षेत्रातले नामवंत लेखक, संपादक झालेली ही नावं. पोल आणि वॉलहाइम १९३६ च्या फिलाडेल्फियावारीत होते. दार लावणाऱ्या आयोजकांपैकी विल सायकोराही त्याच वारीत होता. तीन वर्षांत एकाच टोळक्यातले काही दाराच्या आत, काही बाहेर. जमातीच्या पहिल्याच मोठ्या मेळाव्यात बहिष्कार पडला, हे मला सुरुवातीला फार लाजिरवाणं वाटायचं. आता वाटतं, निदान एवढं तरी खरं, की ते सगळे एकमेकांना ओळखत होते.

मोठा आकडा नंतर आला. सॅन डिएगोत १९७० च्या ऑगस्टमध्ये तीन दिवसांचं कॉमिक्सचं कन्व्हेन्शन झालं त्याला ३०० लोक होते. हल्ली तिथे १,३०,००० च्या वर जातात. १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या हॉटेलात, बंद पडून अडीच वर्षं झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेसाठी काही चाहत्यांनी मेळावा ठेवला. काहीशे येतील असा अंदाज होता, आले तीन हजारांवर. मालिका बंद पडली होती, बघणारे बंद पडले नव्हते.

आता बोलण्याविषयी. मी बोलते ते काल्पनिक जगांच्या नकाशांवर. कादंबरीच्या पहिल्या पानावर जो नकाशा असतो ना, डोंगरांच्या छोट्या त्रिकोणांचा आणि एका कोपऱ्यात समुद्रसर्पाचा, तो. यात माझी काही पदवी नाही. मी पुस्तक उघडलं की आधी नद्या बघते, एवढंच भांडवल. नद्या डोंगरातून निघतात, उताराने जातात, वाटेत एकमेकींना मिळतात. समुद्राजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर सहसा फाटत नाहीत. पण नकाशा काढणाऱ्यांना फाटणाऱ्या नद्यांचा भारी सोस. एक नदी मध्यावर दुभंगून खंडाच्या दोन टोकांच्या दोन समुद्रांना मिळते आणि राजा त्या बेचक्यात किल्ला बांधतो. शिवाय काटकोनात वळणारे डोंगर, आणि ओले वारे अडवून धरणाऱ्या पर्वताच्या मागे, जिथे रखरखाट असायला हवा, तिथे नेमकं घनदाट जंगल.

हे मी सांगत होते आणि सभागृहात मजा सुरू झाली. दुसऱ्या रांगेतल्या एका काकांनी हात वर न करताच विचारलं, ‘मग कासिकियारेचं काय?’ दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीतून कासिकियारे नावाचा फाटा निघतो आणि रिओ नेग्रोमार्गे ॲमेझॉनला जाऊन मिळतो. ही जगातली फाटणाऱ्या नदीची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट. मी तिच्यासाठी एक स्लाइड ठेवलीच होती, पण ती दाखवायची संधी कुणी दिली तर ना. मागून एक मुलगी उठली. चेहऱ्याला हिरवा रंग, कपाळावर दोन शिंगं. तिने अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातला एक ओढा काढला, जो डोंगरमाथ्यावर दोन वाटांना लागतो, एक अटलांटिकला आणि एक पॅसिफिकला. काका म्हणाले ओढा वेगळा, नदी वेगळी. शिंगं म्हणाली, किती रुंदीपासून नदी? काका जलतज्ज्ञ निघाले. शिंगंवाली त्याच विषयात संशोधन करत होती. पुढची दहा मिनिटं मी टेबलाला कोपर टेकून ऐकत बसले आणि माझ्याच भाषणात टिपणं घेतली.

दुसरीकडे कुठे असं झालं असतं तर अध्यक्षांनी घंटी वाजवली असती. तिथे ‘तज्ज्ञ’ मंचावर असतात असं गृहीत असतं. इथे तज्ज्ञ कुठे बसलाय ते सांगता येत नाही. एका अवकाशयानाच्या इंजिनावर बोलणाऱ्यासमोर खरी इंजिनं बनवणारी व्यक्ती बसलेली असू शकते, आणि तिला तलवारींतलं काही कळत नसतं म्हणून ती तासाभराने तलवारींच्या कार्यक्रमात बाळबोध प्रश्न विचारते. मला टेबलापलीकडे बसण्याची धास्ती वाटत नाही ती एवढ्यासाठीच. आपण सगळ्यांत जास्त जाणणारे नाही हे ठरलेलंच आहे. फक्त आपली पाळी आहे.

एकट्याने बोलण्यापेक्षा पॅनेल अवघड. पन्नास मिनिटं, पाच माणसं. ओळखीत पाच मिनिटं जातात, प्रश्नांना दहा ठेवायची, उरली पस्तीस, वाट्याला सात. आणि आलेला प्रत्येक जण तासाभराची तयारी करून आलेला. चांगला मॉडरेटर म्हणजे जो स्वतः जवळजवळ बोलत नाही, एकाचं वाक्य उचलून दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवतो, आणि ‘माझ्या कादंबरीत मी’ असं तिसऱ्यांदा सुरू करणाऱ्या लेखकाला गोड हसून थांबवतो. असे फार थोडे असतात. प्रश्नोत्तरांत ‘हा प्रश्न नाही, थोडं मत मांडतो’ म्हणून उठणारे गृहस्थ तर ठरलेले. त्यांच्यावर विनोद करायची चाल आहे. मला वाटतं, त्यांनाही एक पॅनेल द्यावं. सात मिनिटांत काय काय मावत नाही ते त्यांना कळेल.

माझा खरा राग आहे तो वेगळ्याच जमातीवर. समोर माइक असताना ‘मला याची गरज नाही, माझा आवाज खणखणीत आहे’ असं म्हणून तो बाजूला सारणारे. मग खोलीला विचारतात, ‘मागे ऐकू येतंय ना?’ ज्याला ऐकू येत नाही त्याला हा प्रश्नही ऐकू आलेला नसतो. या मेळाव्यांत सत्तरीच्या पुढचे लोक पुष्कळ, श्रवणयंत्र लावणारे पुष्कळ, आणि काही सभागृहांत ते यंत्र माइकशी जोडलेलं असतं; माइकविना बोललेला शब्द त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. शनिवारच्या पॅनेलवर माझ्या शेजारच्या भल्या माणसाने माइक तीनदा सरकवला, मी तीनदा परत त्याच्यापुढे ठेवला. प्रेक्षकांना तो पॅनेलचाच भाग वाटला असावा.

वेशभूषेतल्या श्रोत्यांसमोर बोलणं हा आणखी एक अनुभव. संपूर्ण शिरस्त्राण घातलेला माणूस पहिल्या रांगेत बसला की त्याला विनोद कळला की तो झोपलाय हे समजायला मार्ग नाही. पंखवाले आपणहून मागच्या रांगेत जातात, कारण मागच्याला दिसत नाही हे त्यांना माहीत असतं. पंखांचा विस्तार जितका मोठा तितकी माणसं सभ्य, असं माझं निरीक्षण. तलवारी दारात तपासून रंगीत पट्टीने म्यानाला बांधल्या जातात. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, हात लावणं तर दूरच, अशा पाट्या आता सगळीकडे असतात आणि असायलाच हव्यात. जिन्याखाली एक टेबल असतं, त्यावर डिंक, सुई-दोरा, सेफ्टी पिना. महाबलाढ्य योद्धे तिथे ओशाळे होऊन रांगेत उभे असतात, कारण कुणाचा खांदा सुटलेला असतो तर कुणाची शेपटी.

रविवारी सकाळी दहाचं भाषण हा वक्त्याच्या नशिबातला वाईट भाग. शनिवारी रात्रभर वेशभूषेची स्पर्धा, मग फॅनांनी रचलेल्या गाण्यांची मैफल, ती दोनला संपते असं म्हणायचं. त्यामुळे दहाला नऊ माणसं असतात. एक जण झोपायला आलेला. मात्र उरलेल्या आठांशी जे बोलणं होतं तसं भरल्या सभागृहात होत नाही. खुर्च्या वळवायच्या, टेबल बाजूला करायचं. गेल्या खेपेला तिथेच एका शाळकरी मुलाने स्वतःच्या जगाचा नकाशा उलगडला. चार पानं चिकटवून केलेला. नदी अर्थातच फाटत होती. आदल्या दिवशीच्या भाषणाला तो होता, म्हणून मी विचारलं, ही अशी का? त्याने बोट ठेवून सांगितलं की फाटते तिथे लोक तिला कालवा खणून पळवून नेतात, आणि गोष्ट तिथूनच सुरू होते.

सांगता झाल्यावर आयोजक एक तास तक्रारी ऐकायला बसतात. या तासाला मी शक्यतो चुकवत नाही. लिफ्ट, रांगा, पाट्यांवरची अक्षरं, एका खोलीतली थंडी. लोक तावातावाने बोलतात आणि समोरची थकलेली मंडळी सगळं लिहून घेतात. त्यात एक खोच आहे. जो रांगेबद्दल बोलतो त्याला शेवटी हळूच विचारलं जातं, पुढच्या वर्षी रांगा तुम्ही बघाल का? पाट्यांवर बोललेल्या बाई पाट्या करायला कबूल झाल्या. थंडीवाला काही न बोलता सटकला. मी माइकबद्दल बोलले, जरा जास्तच बोलले. ध्वनियंत्रणेच्या गटाची पहिली बैठक पुढच्या महिन्यात आहे, आणि मला केबल गुंडाळायची योग्य पद्धत शिकून यायला सांगितलंय.