झेलणारा

माझा भाचा तेरा वर्षांचा आहे आणि जगातल्या बहुतेक गोष्टी खोट्या असतात, हे त्याला नुकतंच कळलंय. दिवाळीत आला तेव्हा मी लॅपटॉपवर जपानी प्रो-रेसलिंगचा, म्हणजे तिकडच्या तमाशेवजा कुस्तीचा, एक जुना सामना लावून बसलो होतो. शेजारी बसून त्याने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "मामा, हे सगळं आधीच ठरलेलं असतं ना?"

"असतं," मी म्हटलं.

त्याला भांडायचं होतं. बिचारा हिरमुसला.

सामना ५ जानेवारी २०२० चा, तोक्यो डोममधला. एका बाजूला जुशिन थंडर लायगर. वय ५५, उंची जेमतेम १७० सेंटिमीटर, अंगभर लाल-पांढरा पोशाख, मुखवट्याला शिंगं आणि मागे आयाळ. हा त्याचा शेवटचा सामना. जोडीला नाओकी सानो, म्हणजे १९८९ पासूनचा त्याचा हाडवैरी. समोर हिरोमु ताकाहाशी आणि मेक्सिकोचा रयू ली. ही दोन पोरं दोरावरून, खांबावरून, जिथे पाय ठेवायला जागा मिळेल तिथून उडी घेणारी. हिरोमु एरवी बगलेत एक कापडी मांजर घेऊन हिंडतो, त्याचं नाव डॅरिल. मांजराचं ऐकल्यावर भाचा जरा सरसावून बसला.

लायगर हे पात्र पहिल्यांदा रिंगणात उतरलं २४ एप्रिल १९८९ ला, याच डोममध्ये. हिरोमुचा जन्म त्याच वर्षीच्या डिसेंबरातला. म्हणजे मुखवटा पोरापेक्षा सात महिन्यांनी मोठा. मुखवट्याआडच्या माणसाला उंची भरत नाही म्हणून आधी न्यू जपान या कुस्तीच्या कंपनीने घेतलंच नव्हतं, तर गडी मेक्सिकोला जाऊन शिकला. पुढे झेपावायचं आणि हवेत मागे कोलांटी घेऊन समोरच्याच्या अंगावर पडायचं, ही जी शूटिंग स्टार प्रेस आज पोरंसोरं मारतात, तिचं जनकत्व त्याच्याकडे जातं. उतारवयात मात्र त्याने उड्या आवरत्या घेतल्या. जमिनीवर पाय रोवायचे आणि तळहाताचा फटका द्यायचा. त्या फटक्याला तिकडे शोतेई म्हणतात. आवाज असा येतो की आपलाच गाल चोळावासा वाटतो.

"पण खोटंच ना?" भाचा मुद्दा सोडेना.

आमच्याकडे जत्रेत नुरा कुस्ती लागली तर लोक फेटे उडवणार नाहीत, चपला उडवतील. तिकडे मात्र निकाल ठरलेला असतो हे कळूनही माणसं घसा फोडून ओरडतात. का, ते मला बरीच वर्षं कळत नव्हतं. ते कळलं गेल्या पावसाळ्यात, जिन्यात पाय घसरला तेव्हा. मी जे कुणीही करेल तेच केलं, हात पुढे टेकला. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, आणि डाव्या हाताने वरणभात.

जपानी पैलवानाला सगळ्यात आधी शिकवतात ते पडायला. उकेमी म्हणतात त्याला. हनुवटी छातीशी, श्वास बाहेर, आणि हात टेकायचा नाही. कोपरापासून तळव्यापर्यंत सगळा हात एकदम सपाट आपटायचा, म्हणजे भार एका हाडावर न येता पसरतो. नवखी पोरं काळ्या चड्ड्या आणि काळे बूट घालून हेच करत राहतात, शेकडो वेळा. निकाल ठरवून ठेवता येतो, पण गुरुत्वाकर्षणाला तो कुणी कळवलेला नसतो.

आणि दुसऱ्याचं पडणंही आपल्याला सांभाळावं लागतं. रिंगणातून बाहेर मारलेल्या कुठल्याही उडीचं चित्र थांबवून बघा. सगळ्यांचे डोळे वर, उडणाऱ्यावर. तुम्ही खालच्याचे हात बघा. आत्ता गुद्दे मारत असलेले ते हात उघडलेले असतात. येणाऱ्याला छातीवर घ्यायचं, त्याच्यासकट मागे कोसळायचं. खालचा ऐन वेळी बाजूला सरला तर वरच्याची गाठ थेट फरशीशी. म्हणून पोरं बिनधास्त उडतात ती कसलेल्या माणसापुढे. त्याने आयुष्यभर असली वजनं अंगावर घेतलेली असतात.

हे दरवेळी जमतंच असं नाही. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेत याच हिरोमुला समोरच्याने उचलून टाकलं आणि तो मानेवर पडला. मान मोडली. तशा मानेने त्याने सामना संपवला, जिंकला, आणि मग सव्वा वर्षाहून जास्त काळ रिंगणाबाहेर बसला. टाकणारा कोण? आज त्याच्याच कोपऱ्यात उभा असलेला हा रयू ली.

"आणि तरी त्याच्याबरोबर खेळतोय?" भाच्याचा आवाज बदलला होता. मी नुसती मान हलवली. मला वाटतं तो सामना आम्ही खऱ्या अर्थाने बघायला लागलो तो तिथून.

शेवट ठरलेलाच होता. जाणाऱ्याने पाठ टेकवून जायचं, ही तिथली रीत. हिरोमुने लायगरला खांद्यांवर आडवं उचललं आणि आपटलं. पंचाने तीन मोजले. मी बघत होतो लायगरची हनुवटी. ३० वर्षांहून जास्त काळ, त्यात १९९६ मध्ये मेंदूतल्या गाठीची शस्त्रक्रिया, आणि शेवटच्या आपटण्यालाही हनुवटी छातीशी. पहिल्या दिवशी शिकवतात तश्शी.

भाचा उठून आतल्या खोलीत गेला. थोड्या वेळाने गादीवर धप्प धप्प आवाज यायला लागले आणि पाठोपाठ ताईचं ओरडणं. तो बाहेर आला, सोफ्याच्या हातावर चढला आणि म्हणाला, "मामा, तू खाली उभा राहा."

मी मनगटाकडे पाहिलं आणि टीपॉय बाजूला सरकवला.