दोन्ही उदाहरणं खरी, तरी भांडण

आज मित्रांमध्ये पुन्हा तोच वाद: दहशतवाद युद्धाने संपतो का? एकाचं ठाम मत, श्रीलंकेने २००९ मध्ये लिट्टे ही फुटीरतावादी तमिळ संघटना संपवली ती बंदुकीनेच, चर्चेच्या फेऱ्या आधी होऊन गेल्या होत्याच की! दुसऱ्याने लगेच उत्तर आयर्लंड काढलं. तिथला तीसेक वर्षांचा रक्तपात १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर बराचसा थांबला, तोही समोरासमोर बसून. उदाहरणं दोघांचीही खरी, त्यामुळे मागे हटणार कोण?

मी अफगाणिस्तान काढलं. २००१ मध्ये तालिबानला हटवलं, वीस वर्षं युद्ध चाललं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तेच पुन्हा काबूलमध्ये. दोघंही माझ्यावरच तुटून पडले (चला, एवढ्यापुरतं तरी एकमत!).

मला खटकतं ते वेगळंच. श्रीलंकेतल्या युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत हजारो तमिळ नागरिक मेले, ते विजयाच्या गोष्टीत कुणी सांगत नाही. आणि गुड फ्रायडे करारानंतर चारच महिन्यांनी उत्तर आयर्लंडमधल्या ओमाघ गावात बॉम्ब फुटला, २९ माणसं गेली, ते शांततेच्या गोष्टीतून गळतं. एवढं बोललो तर एकाने मला 'कुंपणावरचा' ठरवलं. ठरवू दे. पुढच्या वेळी गाझावर बोलायचंय म्हणे, आवाज आत्ताच चढलेत.