मानमोडी अर्ध्या दिवसात होत नाही

जुन्नरला लेण्यांच्या मोजणीला जाणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच सांगायचंय. मानमोडीच्या डोंगराला अख्खा दिवस द्या. सकाळी सहाला डोंगराच्या पायथ्याशी हजर राहा आणि अंबा-अंबिका ते भूतलिंग या तिथल्या दोन लेणीगटांच्या मधल्या वाटेबद्दल कुणी 'सपाट आहे, दहा मिनिटं' म्हटलं तर विश्वास ठेवू नका. आम्ही ठेवला.

स्थापत्याच्या इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करतेय. दुसऱ्या सत्रात प्रत्येक गटाने एका लेणीसमूहाची प्रत्यक्ष मोजणी करून आराखडे द्यायचे असतात. आम्ही तिघींनी जुन्नर घेतलं, कारण एका गावाभोवती दोनशेहून जास्त लेणी दुसरीकडे कुठे मिळणार? आधीच्या तुकडीने ठेवलेल्या टिपणात कार्यक्रम छान आखलेला होता: पहिला दिवस लेण्याद्री, दुसऱ्या दिवशी सकाळी मानमोडी, दुपारी तुळजा, तिसऱ्या दिवशी शिवनेरी. ज्याने तो आखला त्याने पाठीवर ट्रायपॉड घेऊन मानमोडी केलेली नाही, हे मी खात्रीने सांगते.

लेण्याद्रीबद्दल फार लिहीत नाही. पायऱ्या आहेत, तिकीट आहे, माकडं आहेत, सगळं सुरळीत झालं. सहाव्या लेण्यातल्या चैत्यगृहाचा, म्हणजे स्तूप असलेल्या बौद्ध प्रार्थनागृहाचा, लेख मात्र चुकवू नका. कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनारकाम किंवा सराफी करणाऱ्याचा, मुलगा सुलसदत याने ते चैत्यगृह दान दिलं, असं तिथे कोरलंय. नाणेघाटाने वर येणारा व्यापार आणि त्या पैशातून कोरलेली लेणी, हे वर्गात दहा वेळा ऐकलं होतं. दगडावर कल्याणचं नाव बघितलं तेव्हा ते खऱ्या अर्थाने कळलं.

आता मानमोडी. पायथ्याशी एक माणूस भेटला. 'माझ्याशिवाय भूतलिंग सापडणार नाही' म्हणत पंधराशे मागितले, बाराशेवर आला. पहिल्या गटापर्यंत नेलं, लांबून हात दाखवला आणि 'पुढे सरळ आहे' म्हणून परत गेला. देऊ नका. आधी पैसे तर मुळीच नाही. परतताना एक गुराखी मामा भेटले. ते म्हणाले, 'मला सांगितलं असतंत तर पाचशेत दिवसभर फिरवलं असतं, आणि वरच्या वाटेने जाऊच दिलं नसतं.' जवळच्या वस्तीवर गुरं नेणाऱ्या कुणालाही विचारा, त्यांना वाटा पाठ असतात.

ती वरची वाट. फेब्रुवारीच्या शेवटी गवत वाळून आडवं पडलेलं असतं, त्याखाली बारीक मुरूम. पहिली दोनशे पावलं ठीक आहेत. मग वाट कड्याला चिकटते आणि एका खोंगळाच्या, म्हणजे खोल ओघळीच्या, तोंडाशी ती उरतच नाही, नुसता घसारा आहे. पावसाळ्यात तिथला तुकडा खाली गेलेला असावा. पाऊल टेकवलं की खडे निसटतात, धरायला गवताशिवाय काही नाही आणि गवत हातात येतं. पाठीवर सामानाची पिशवी होती, तिने एकदा मला बाहेरच्या बाजूला ओढलं. तिथे आम्ही थांबलो, पिशव्या काढल्या, एकीने पलीकडे जायचं आणि मग दोरीने सामान ओढायचं असं केलं. दहा मिनिटांच्या वाटेला पन्नास मिनिटं लागली. हे सगळं टाळता येतं: खाली उतरा, शेताच्या बांधावरून डोंगराला वळसा घाला आणि भूतलिंगाखालून सरळ वर चढा. अंतर दुप्पट, पण पाय सुखरूप.

आणि मोहोळं. आग्या मोहोळं मानमोडीच्या कड्यावर खूप आहेत. अत्तर, डिओ नको, धूर नको, आरडाओरडा नको, ड्रोन तर अजिबात नको. ऊन चढायच्या आत काम उरका.

एवढं झाल्यावर भूतलिंगाच्या चैत्यासमोर उभी राहिले आणि मला रडू आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. मोठ्या कमानीत मधोमध गजलक्ष्मी, भोवती कमळाच्या पाकळ्यांसारख्या रचनेत कोरलेल्या आकृत्या, आणि दर्शनी भागावर लेख: चंद नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, हे गर्भद्वार (आतल्या दालनाचं दार) दान दिलं. जुन्नरला यवन दाते आणखीही आहेत, शिवनेरीवर इरिल आणि चिट. पण इथे एका परदेशी माणसाच्या दानातून उभ्या राहिलेल्या दारावर लक्ष्मी आहे, आणि आतलं चैत्यगृह अर्धवटच राहिलंय. अभ्यासकाला अर्धवट लेणं पुऱ्या लेण्यापेक्षा जास्त शिकवतं. कोरणारे वरून खाली कसे आले, दगड कुठे राखून ठेवला, छिन्नी कुठे थांबली, सगळं तिथे उघडं आहे. तिथे फोटो कमी काढा, रेखाटनं जास्त करा.

मानमोडीच्याच भीमाशंकर गटात नहपान या क्षत्रप राजाच्या अमात्याचा लेख आहे. वच्छसगोत्री अयमाने मंडप आणि पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, दान दिल्याचा. तो वाचायचा असेल तर विजेरी समोरून मारू नका, अक्षरं पुसट होतात. भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने तिरपा प्रकाश टाका. तसं केल्यावर शेवटचा आकडा वर आला: वर्ष ४६, पण 'चार' आणि 'सहा' नाही, चाळीसची वेगळी खूण आणि शेजारी सहाची वेगळी खूण. स्थानानुसार किंमत बदलणारे आकडे त्या कोरणाऱ्याकडे नव्हते. शकाचं वर्ष मानलं तर हे इ.स. १२४. जुन्या लिप्यांचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजी यांनी हे लेख वाचून १८८१ मध्ये पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेससोबत छापले, तेव्हा त्यांच्या हातात ना विजेरी ना मोबाइल. त्या माणसाबद्दल माझा आदर दुप्पट झाला.

दुपारचं तुळजा अर्थातच हुकलं, म्हणून शिवनेरी रद्द करून तिसरा दिवस तुळजाला दिला. तोच निर्णय योग्य होता. पाडळीच्या बाजूच्या डोंगरात ही लेणी आहेत, चढ सोपा. तिथलं वर्तुळाकार चैत्यगृह मला सगळ्या जुन्नरमध्ये सर्वांत महत्त्वाचं वाटतं: मधे स्तूप, भोवती बारा साधे अष्टकोनी खांब, त्यांच्यावर घुमट. राजस्थानात बैराटला विटा आणि लाकडी खांबांचं गोल मंदिर उत्खननात सापडलं, त्याच कुळातला हा आराखडा दगडात उतरलेला. दर्शनी भाग कोसळलाय, त्यामुळे आपण कागदावर काढतो तो छेदच डोळ्यांसमोर दिसतो.

पण मोजायला ते अवघड आहे. वर्तुळाचा मध्य स्तूपाच्या पोटात आहे, तिथे टेप धरताच येत नाही. लेझर मीटर अष्टकोनी खांबाच्या कडेवर पडला की आकडा उड्या मारतो. आम्ही दोन तास वाया घालवले. मग खांबांना आकडे दिले आणि प्रत्येक खांबापासून शेजारच्या व त्यापुढच्या खांबापर्यंत साध्या टेपने अंतरं घेतली, म्हणजे त्रिकोणांची माळ तयार होते. बारा अंतरं एकसारखी आली नाहीत, आणि तोच आमच्या आराखड्याचा विषय झाला. ओळंबा आणि पातळी बघायची पाण्याची नळी न्या, खडूने खुणा करू नका, कागदी चिकटपट्टीही दगडाला लावू नका. ट्रायपॉड वापरायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधीच, लेखी घ्या.

राहायला जुन्नर गावातच राहा. पुण्याहून एसटीने नारायणगाव आणि तिथून जुन्नर, गाड्या मिळतात. प्रत्येकी तीन लिटर पाणी वर न्या, टाक्यांमधलं पाणी पिऊ नका.

आमची नवव्या खांबापासून बाराव्यापर्यंतची तिरपी अंतरं राहिलीत, उजेड संपला. नोव्हेंबरमध्ये, गवत हिरवं असताना, पुन्हा जाणार आहोत.