साल्व्ह म्हणजे तूपच की!

इंग्रजीत मलमाला एक जुना शब्द आहे, साल्व्ह. जर्मनमध्ये त्याचंच भावंड झाल्ब, आणि भाषावाले सांगतात की याचं मूळ आपल्या संस्कृत 'सर्पिस्'शी जुळतं, म्हणजे चक्क तुपाशी! मला लगेच पटलं, आमच्या सांगलीकडं टाचा फुटल्या, ओठ उलले की ट्यूब नंतर, आधी तूप. आयुर्वेदातलं शतधौत घृत तर बघाच, तांब्याच्या परातीत गाईचं तूप पाणी घालून घासायचं, पाणी ओतायचं, परत नवं घालायचं, असं 100 वेळा, मनगटं गळून पडतात पण तूप पांढरंशुभ्र मऊ होतं आणि तुपाचा वास पण जातो.

हाच शब्द मनालाही लावतात. वर्षभर लोकांना लुबाडायचं आणि मग देवळाला देणगी देऊन मनाला साल्व्ह लावायचं (असले पुढारी आपल्याकडं काय कमी आहेत व्हय).

बुडालेलं जहाज, माल वाचवणं यालापण साल्व्हच म्हणतात, पण ते साल्व्हेजवरनं आलंय, लॅटिनमधल्या वाचवण्यातनं. रोमन लोक भेटले की 'साल्वे' म्हणायचे, बरा राहा अशा अर्थानं, तेही त्याच लॅटिन घरातलं. तुपाशी दोघांचा काय संबंध नाही, आडनाव एक म्हणून भावकी नसते.